कट्टा भाड्याने मिळेल

पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी संपलं. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १२ तारखेला, अमेरिकी नौदलाने व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावी, पोटोमॅक नदीच्या काठावर, टॉर्पेडोच्या कारखान्याचं बांधकाम सुरू केलं. फाइल एकदा हलली की हलली. मधल्या मधे युद्ध संपलं म्हणून ती काय थांबते? कारखान्याने काही वर्षं इमानेइतबारे टॉर्पेडो बनवले, मग त्याला कुलूप लागलं. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा ते निघालं आणि युद्ध संपल्यावर इमारतीचं सरकारी गोदाम झालं. संसदेची कागदपत्रं, संग्रहालयाची डायनासोरची हाडं, असं जे जे टाकवत नाही आणि ठेववत नाही ते सगळं तिथे जाऊन पडलं. अखेर १९७४ साली चित्रकार आणि शिल्पकार आत शिरले. आधी ट्रकच्या ट्रक भरून कचरा त्यांनीच बाहेर काढला आणि मग कला सुरू केली. आज तिथे तीन मजले भरून स्टुडिओ आहेत, नावही 'टॉर्पेडो फॅक्टरी आर्ट सेंटर' असंच आहे आणि पुराव्यादाखल एक हिरवागार टॉर्पेडो मांडून ठेवलेला आहे. मुलं त्याच्यापाशी फोटो काढतात. आईबाप आत जाऊन एखाद्या तैलचित्राची किंमत वाचतात आणि मुकाट परत टॉर्पेडोपाशी येऊन उभे राहतात.

मी वॉशिंग्टनच्या आसपासच्या सबर्बांमध्ये बरीच वर्षं राहतोय. त्या अनुभवावर माझं एक मत बनलंय. अमेरिकन उपनगरात कला ही कायम पोटभाडेकरू असते. मूळ मालक मेला, कारखाना बुडाला, शाळेतली मुलं संपली किंवा कैद्यांची दुसरीकडे बदली झाली की मग कुणाला तरी आठवतं, अरे, आपल्याकडे ते पाण्याच्या रंगांचे क्लास घेणारे लोक जागा शोधत होते ना?

कैद्यांचं मी उगाच म्हणत नाही. इथून दक्षिणेला लॉर्टन म्हणून गाव आहे. तिथे राजधानीचा तुरुंग होता. कैद्यांनीच विटा भाजून बांधलेल्या लाल इमारती, मधे हिरवळ. मताचा अधिकार मागत व्हाइट हाउसच्या दारात उभ्या राहिलेल्या बायकांना १९१७ साली इथेच डांबलं होतं. त्यांनी उपोषण केलं, तर नळ्या घालून जबरदस्तीने अन्न भरवलं. तो सगळा इतिहास तिथल्या संग्रहालयात नीट मांडलाय आणि तो बघताना विनोद सुचत नाही. तुरुंग २००१ साली बंद झाला आणि २००८ साली तिथे 'वर्कहाउस आर्ट्स सेंटर' उघडलं. ज्या इमारतींतून सुटायला माणसं वर्षं मोजत होती, तिथे आता माणसं पैसे भरून, प्रतीक्षा यादीत नाव घालून, बुधवारी संध्याकाळी मातीची भांडी करायला जातात. तिथला हॉल लग्नासाठीही भाड्याने मिळतो. यावर विनोद करायचा मोह प्रत्येक नवऱ्याला होतो, आणि प्रत्येक बायकोला तो विनोद आधीच माहीत असतो, तेव्हा तो इथे सोडून देऊ. मला त्याहून मजा वाटते ती शेजारच्या इमारतींची. तुरुंगाच्या उरलेल्या भागात बिल्डरने सदनिका केल्यात आणि नाव दिलंय 'लिबर्टी'. अशी नावं सुचायला पुण्याचा बिल्डर लागतो, असा माझा इतके दिवस समज होता.

न्यू जर्सीत मिलबर्नला कागदाच्या गिरणीत नाट्यगृह आहे, 'पेपर मिल प्लेहाउस'; १९३८ पासून चालू आहे, मधे १९८० साली जळालं, दोन वर्षांत पुन्हा उभं राहिलं. मेरीलँडमधल्या ग्रीनबेल्टला तर सहकारी तत्त्वावर चालणाऱ्या किराणा दुकानाच्या तळघरात नाट्यगृह आहे. वर कांदेबटाटे, खाली शेक्सपिअर. सहकाराची इतकी गोड फळं आपल्या साखरपट्ट्यातही कुणी चाखली नसतील. ग्रीनबेल्ट हे गावच मुळी १९३७ साली, मंदीच्या काळात, सरकारने आखून बांधलं. त्यात चालत जायच्या पायवाटा आणि मधोमध चौक होता, त्यामुळे लोक एकमेकांना भेटायचे. पुढच्या बिल्डरांनी ही चूक टाळली.

ते कसं, तेही सांगतो. युद्धानंतर सैनिक परत आले, त्यांना घरं हवी होती. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभं राहायला लागलं १९४७ साली. काम ऐन भरात असताना दर सोळा मिनिटाला एक घर तयार व्हायचं, असं सांगतात. एवढ्या वेळात आमच्या सोसायटीच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्तसुद्धा वाचून होत नाही. घरापुढे हिरवळ, घरामागे हिरवळ, दारात गाडी. भेटायला मात्र जागा नाही, कारण भेटायचं कुणाला? शेजाऱ्याला? तो हिरवळ कापतोय.

व्हिक्टर ग्रुएन नावाच्या वास्तुविशारदाला याचं फार वाईट वाटलं. माणूस मूळचा व्हिएन्नाचा, म्हणजे चौकात बसून कॉफी पिण्याचा पिढीजात अनुभव. त्याने मिनियापोलिसजवळच्या इडायना या उपनगरात १९५६ साली 'साउथडेल' बांधलं. छप्पर घातलेला, बाहेर बर्फ असलं तरी आत उबदार राहणारा बाजार. मधे चौक, कारंजं, झाडं. भोवती पुढेमागे घरं, शाळा, बाग, असं त्याच्या मनात होतं. लोकांनी त्यातली दुकानं आणि पार्किंग तेवढं उचललं आणि देशभर त्याच्या नकला काढल्या. आज ज्याला आपण मॉल म्हणतो, तो हा. बिचाऱ्याने पुढे या सगळ्याशी आपला संबंध नाही म्हणून सांगून टाकलं आणि उतारवयात व्हिएन्नाला परत गेला, तर काही वर्षांत तिथेही शहराबाहेर एक भलामोठा मॉल उभा राहिला.

सांगायचा मुद्दा हा की, उपनगरात कट्टा नाही. डोंबिवलीत रिक्षा स्टँडपाशी चार माणसं उभी राहिली की त्यांचं बोलणं सुरू होतं. इथे रस्त्याच्या कडेला चार माणसं नुसती उभी राहिली, तर कुणीतरी काचेआडून पोलिसांना फोन करतं. त्यामुळे गप्पा मारायलासुद्धा निमित्त, नावनोंदणी आणि फी लागते. तुम्हाला माणसं भेटायला हवी आहेत, असं अमेरिकन माणूस कबूल करणार नाही. तो सिरॅमिक्स शिकायला जातो.

किंवा नाचायला. ग्लेन एको पार्कचं उदाहरण घ्या. जागा वॉशिंग्टनच्या वेशीवर, मेरीलँडमध्ये. १८९१ साली तिथे लोकशिक्षणाच्या व्याख्यानमाला सुरू झाल्या, लगेच बंदही पडल्या आणि मग करमणुकीची बाग आली. पाळणे, झुले, १९२१ सालचा लाकडी घोड्यांचा मेरी-गो-राउंड, १९३३ साली बांधलेला नाचाचा मोठा हॉल. बागेत काळ्या लोकांना प्रवेश नव्हता. १९६० च्या उन्हाळ्यात विद्यार्थी येऊन त्या लाकडी घोड्यांवर बसले आणि त्यांना अटक झाली. मग जवळच्या वस्तीतले गोरे रहिवासीही त्यांच्याबरोबर फलक घेऊन दारात उभे राहिले आणि पुढच्या वर्षी दार उघडलं. १९६८ मध्ये बाग बंद पडली. त्यानंतर, माझ्या सिद्धान्ताप्रमाणे, कला आली. आता तिथे कठपुतळ्यांचे खेळ होतात, गोल तंबूवजा खोल्यांत कुंभारकाम चालतं आणि पूर्वी जिथे विजेच्या गाड्या एकमेकींवर आपटायच्या त्या मांडवात लोक नाचतात. मांडवाचा उद्योग फारसा बदललेला नाही.

या नाचाला कॉन्ट्रा म्हणतात. जोड्यांच्या लांबच लांब रांगा, व्हायोलिन आणि बँजो वाजवणारी मंडळी आणि एक सूचना देणारी बाई. ती सांगेल तसं वळायचं, हात धरायचे, सोडायचे, आणि दर अर्ध्या मिनिटाला पुढच्या जोडीत सरकायचं. नवख्यांसाठी आधी अर्धा तास शिकवणी असते. तिथे आम्हाला सांगितलं की, जोडीदाराबरोबर गरगर फिरताना चक्कर येऊ नये म्हणून सरळ त्याच्या डोळ्यांत बघायचं. माझ्या वाट्याला प्रथम आल्या त्या साठीच्या पुढच्या, चांदीचे डूल घातलेल्या एक बाई. सूचना आली, मी खाली बघितलं आणि मला चक्कर आली. "डोळ्यांत बघा," बाई म्हणाल्या. आमच्या घरी परस्त्रीशी बोलताना तिच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघण्याची रीत. मी त्यांच्या कपाळापर्यंत आलो. "अजून खाली," बाई म्हणाल्या. तिकडे तिसऱ्या रांगेत माझी बायको एका घोळदार स्कर्ट नेसलेल्या दाढीवाल्या पुरुषाच्या डोळ्यांत बघत सुसाट फिरत होती. (कॉन्ट्रात पुरुषही स्कर्ट नेसतात, वारा लागतो म्हणतात.) घरी येताना गाडीत ती म्हणाली की तो गृहस्थ निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ आहे, त्याला दोन नातवंडं आहेत आणि त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे. आमच्या डाव्या हाताच्या शेजाऱ्याचं नाव आम्हाला अजून माहीत नाही.

आता कुणी म्हणेल की, असं कसं, मुद्दाम बांधलेली कलाकेंद्रं आहेत की! आहेत. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस नावाचं उपनगर आहे. आर्टिशियाची साड्या-मिठायांची 'लिटिल इंडिया' लागूनच. या गावाचं नाव १९६७ पर्यंत 'डेअरी व्हॅली' होतं आणि तिथे माणसांपेक्षा गायी जास्त होत्या. जमिनीचे भाव चढले, गायी गेल्या, घरं आली, आणि १९९३ साली गावाने चकचकीत नाट्यगृह बांधलं. पहिला कार्यक्रम कुणाचा, तर साक्षात फ्रँक सिनात्राचा. पण गंमत बघा. त्या नाट्यगृहातल्या खुर्च्या, मजले, प्रेक्षकांचे मनोरेच्या मनोरे हलतात. आज नाटकाचं थिएटर, उद्या संगीताचा हॉल, परवा सपाट जमीन करून मेजवानी. म्हणजे कलेसाठी नवी कोरी इमारत बांधली, तरी तिला आपण पुढे-मागे दुसरं काहीतरी होणार याची धास्ती आहेच. आपल्याकडे उलटा प्रकार. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली नाटकासाठी म्हणून उभं राहिलं आणि आज तिथे नाटकवाले सत्कार, मेळावे आणि शाळांची संमेलनं यांच्यामधून आपली तारीख शोधत असतात.

या सगळ्या जागा चालवतात ते हौशी लोक. हौशी रंगभूमी आपल्याकडेही आहे, पण आपल्या हौशी माणसाला आतून कुठेतरी सिनेमात जायचं असतं. इथला हौशी माणूस दाताचा डॉक्टर असतो आणि मरेपर्यंत दाताचा डॉक्टरच राहतो. फक्त वर्षातून दोनदा तो जहाजाचा कप्तान होतो, आणि त्या महिन्यात रुग्णांना भूल देताना गाणी म्हणतो. संगीतिकेचे हक्क मोठ्या परवाना कंपन्यांकडून भाड्याने येतात. संहितेच्या प्रतीही भाड्याच्या. त्यांवर पेन्सिलीनेच खुणा करायच्या आणि परत पाठवताना त्या सगळ्या खोडून पाठवायच्या, असा नियम. शेवटच्या प्रयोगानंतर मी एकदा आमच्या गावच्या हौशी मंडळींच्या हॉलवर गेलो होतो, खुर्च्या उचलायला. नटमंडळी रंग पुसून गोल बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात खोडरबर. कप्तान आपली प्रत झटकत होता. निवृत्त न्यायाधीश बाई, ज्यांनी नाटकात भटारखान्यातली म्हातारी केली होती, त्या चष्मा लावून बारकाईने 'इथे रडणे' हे शब्द खोडत होत्या. पुढच्या गावातल्या म्हातारीला कुठे रडायचं ते पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागणार.

पैसा कुठून येतो, हा प्रश्न विचारायचा नसतो, कारण उत्तर प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पितळी पट्टीत लिहिलेलं असतं. मी बसतो ती खुर्ची कुणाच्यातरी लाडक्या आत्येच्या स्मरणार्थ आहे. फरशीच्या विटेवर नाव, पायऱ्यांवर नाव, पाणी प्यायच्या नळावर नाव. मध्यंतरात सोडत. जमलेल्या पैशांतले निम्मे विजेत्याला, निम्मे संस्थेला. चॉकलेटं आणि पाण्याच्या बाटल्या विकणारे काका एरवी कंपनीचे हिशेब तपासतात. आणि डिसेंबरात सगळ्यांना तारून नेतं ते 'नटक्रॅकर'. चायकोव्हस्कीचं हे बॅले १८९२ साली रशियात पहिल्यांदा झालं, तेव्हा फारसं कुणाला आवडलं नाही. अमेरिकेत १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ते पहिल्यांदा पूर्ण सादर झालं, १९५४ साली नृत्यदिग्दर्शक बालांशिनने न्यूयॉर्कमध्ये बसवलं आणि मग ते देशभर पसरलं. त्यात उंदरांची लढाई आहे. उंदीर किती, हे संगीतकाराने ठरवलेलं नाही. ते त्या वर्षी नृत्यशाळेत किती मुलींनी प्रवेश घेतलाय त्यावर ठरतं. प्रत्येक उंदरामागे दोन आईबाप, चार आजीआजोबा, म्हणजे सहा तिकिटं आणि एक पुष्पगुच्छ. आमच्या गावच्या उंदरांची संख्या गेल्या डिसेंबरात इतकी वाढली होती, की माझ्या मते लढाई उंदरांनी जिंकायला हवी होती.

चिकाटीची परमावधी मात्र मिनेसोटात. चॅनहासेन या उपनगरात १९६८ पासून जेवणासकट नाटक दाखवणारं थिएटर आहे. तुम्ही चिकन कापताय आणि समोर गाणं चालू आहे. तिथे १९७१ साली 'आय डू! आय डू!' ही संगीतिका लागली. दोनच पात्रं, नवरा आणि बायको, लग्नाच्या पहिल्या रात्रीपासून पन्नास वर्षांचा संसार. ती १९९३ पर्यंत चालली. बावीस वर्षं, साडेसात हजारांहून जास्त प्रयोग, आणि नट तेच दोघे. मधे केव्हातरी त्या दोघांनी एकमेकांशी खरोखरीचं लग्न केलं. म्हणजे दिवसा घरी संसार, संध्याकाळी तोच संसार तिकीट लावून. घरच्या भांडणात कोण काय म्हणालं आणि नाटकात कोण काय म्हणालं, याचा गुंता ती दोघं कसा सोडवत असतील? त्याच छोट्या गावात प्रिन्स या जगप्रसिद्ध गायकाचा स्टुडिओ होता. तिथे काय चालायचं त्याच्या दंतकथा आहेत. पण रोज रात्री तोच पलंग, तीच बायको आणि समोर तेच चिकन, याला जी मस्ती लागते ती रॉक संगीतात नाही.

आता आमचं. इथल्या मराठी मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही शिखरसंस्था १९८१ ची. दर दोन वर्षांनी तिचं अधिवेशन भल्यामोठ्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतं, ढोल-लेझीम, फेटे, जेवणाच्या रांगा, सगळं थाटात. पण मधल्या काळात गावोगावचं मंडळ जगतं ते शाळेच्या हॉलमध्ये. हा हॉल दुपारी मुलांची खानावळ असतो, एका टोकाला रंगमंच असतो, आणि रंगमंचावर मानेला लागेल अशा उंचीवर बास्केटबॉलची जाळी लटकत असते. आमच्या गणपतीच्या मखरावर ती जाळी छत्रासारखी येते, आणि आता ती नसली तर लोकांना चुकल्यासारखं होईल.

हॉलचा करार हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. दहा लाख डॉलरचा विमा. भिंतीला निळ्या चिकटपट्टीशिवाय काही लावायचं नाही. चमकी वापरायची नाही. उघडी ज्योत चालणार नाही, म्हणून निरांजनात बॅटरीवरच्या वाती, ज्यांच्यावरून हात फिरवून आमचे ज्येष्ठ डोळ्यांना लावतात आणि 'ऊब नाही हो' म्हणतात. नारळ फोडायला पार्किंगच्या कडेला जायचं. आणि रात्री दहानंतर प्रत्येक अर्ध्या तासाला कस्टोडियनचा ओव्हरटाइम. या कस्टोडियन गृहस्थाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, आणि तो जुडगा पावणेदहाला वाजतो. आमची तिसरी घंटा नाटक सुरू करते, त्याची संपवते.

एकदा महाराष्ट्रातून नाटक आलं होतं. दौऱ्यावर येताना नट येतात, नेपथ्य येत नाही. आधी ईमेल येतो: तीन माणसांचा जुना सोफा, एक लाकडी टेबल, तीन दारं. दारं महत्त्वाची, कारण दुसऱ्या अंकात एक पात्र दर मिनिटाला चुकीच्या दारातून येतं. कार्यकारिणीची बैठक दारांवर तीन तास चालली. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून तीन दारं आणली, नीट वापरली आणि सोमवारी परत केली. परतीच्या अर्जावर कारण लिहावं लागतं. खजिनदारांनी लिहिलं, 'दार उघडल्यावर पलीकडे काही नव्हतं.' पैसे मिळाले.

सोफ्याचा मात्र घोटाळा झाला. जुना सोफा सबर्बात कुणाकडे असणार? एका सभासदाने आपल्या तळघरातला होम थिएटरचा दिला. काळ्या चामड्याचा, हाताशी पेला ठेवायची खोबण, आणि बाजूला एक बटण. नाटकातलं घर गिरगावातल्या चाळीतलं. पहिल्या अंकात प्रेक्षकांनी सोफ्याकडे कानाडोळा केला. परदेशी राहून तेवढी सवय होते. तिसऱ्या अंकात निवृत्त कारकून वडील, मुलाने घर विकायचा विषय काढल्यावर, छातीवर हात ठेवून सोफ्यात कोसळतात. ते कोसळले, कोपर बटणावर पडलं. बारीक घरघर करत त्यांचे पाय वर यायला लागले. पाठ मागे गेली. वडील अत्यंत दुःखी चेहऱ्याने हळूहळू आडवे होत, विमानाच्या बिझनेस क्लासमध्ये असावेत तसे पसरले. मुलाचं काम करणारा नट पाठमोरा झाला आणि त्याचे खांदे हलायला लागले. पुढच्या रांगेतल्या काकूंना वाटलं, रडतोय. वडील मात्र मुरलेले. आडव्यानेच म्हणाले, "आता मला इथून कुणी उठवू शकणार नाही." हॉल कोसळला. आणि विंगेत पाहिलं तर कस्टोडियन जुडगा मुठीत गच्च धरून उभा, आवाज होऊ नये म्हणून. प्रयोग संपल्यावर मला म्हणाला, "म्हातारा बरोबर आहे. घर विकू नये." त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. ओव्हरटाइमचं बिल मात्र पूर्ण लावलं.

अलीकडे या सगळ्या जगावर एक नवं संकट आलंय. त्याचं नाव पिकलबॉल. हा खेळ १९६५ साली सिएटलजवळच्या एका बेटावर उन्हाळी सुट्टीत कंटाळलेल्या कुटुंबांसाठी निघाला, आणि आता निवृत्त अमेरिकेने तो डोक्यावर घेतलाय. हिवाळ्यात त्याला सपाट, छप्पर असलेला, मोठा हॉल लागतो. असा हॉल कुणाकडे असतो? आमच्या गावच्या कलाकेंद्राकडे, जे मुळात बंद पडलेल्या प्राथमिक शाळेचं व्यायामगृह आहे. गावाने जाहीर सुनावणी ठेवली. सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात आणि समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा असतो.

मी बरीच नाटकं पाहिलीत, पण इतकं कसलेलं काम क्वचित. पिकलबॉलच्या बाजूने एक आजी उभ्या राहिल्या, बॅट हातात घेऊन, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. दाताच्या डॉक्टरांनी लोकशाही आणि संगीतिका यांचं नातं उलगडलं. लाल दिवा लागल्यावर ते गायला लागतील अशी भीती वाटली. न्यायाधीश बाईंनी बरोब्बर योग्य जागी डोळ्यांना रुमाल लावला. ती खूण त्यांनी खोडली नव्हती तर. आमच्या मंडळाचे अध्यक्ष बोलले ते मुख्यतः पार्किंगवर, आणि त्यांनाच सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

रात्री अकराला तडजोड झाली. सोमवार ते शनिवार पिकलबॉल, रविवारी नाटक. जाळं दर रविवारी नाटकवाल्यांनी सोडायचं आणि रात्री परत ताणून बांधायचं. एका सभासदाने विचारलं, हे दर आठवड्याला कोण करणार? दिग्दर्शक जागेवरून उठले आणि म्हणाले, "जाळं राहू दे. पुढचं नाटक घटस्फोटावरच आहे."